नळीतला ढग

दिवाळी अंकासाठी लिहाल का, असा फोन आला तेव्हा मी स्पष्टच सांगितलं, "माझ्याकडं लिहिण्यासारखं काय असणार? जन्मभर लोकांचं रक्त काढलं आणि लघवी तापवली." पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मग तेच लिहा." आता त्यांनीच मागितलंय म्हटल्यावर हे चकली खाता खाता वाचायचं की चकली संपवून, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तंत्रज्ञ म्हणून लागले तेव्हा दोन वेण्या घालायचं वय नुकतंच संपलं होतं, आणि निवृत्त झाले तेव्हा केसांना रंग लावायचाही कंटाळा आला होता. पेशंटच्या तोंडी माझं नाव 'रक्तवाल्या बाई'. मंडईत समोरच्यानं मला बघून नकळत शर्टाची बाही खाली ओढली, की ओळखायचं, हे आपलंच गिऱ्हाईक.

गिऱ्हाइकं तरी काय एकेक! एका मामांनी लघवी अत्तराच्या बाटलीत आणली होती, "तुमाला वास नको म्हून." त्या दिवशी सगळी लॅब लग्नघरासारखी घमघमत होती. एका आजींनी रक्त दिलं आणि विचारलं, "तपासून झाल्यावर उरल्यालं माघारी देतासा न्हवं?" शिरोली एमआयडीसीत फौंड्रीमध्ये वितळलेलं लोखंड ओतणारा एक धिप्पाड गडी माझी सुई बघून असा आडवा झाला, की त्याला उचलायला शेजारच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारावी लागली. मी रागीट आहे असं लॅबमध्ये सगळे म्हणत. मला विचाराल तर मी फक्त मोठ्यानं बोलते, आणि कोल्हापुरात त्याला कुणी राग म्हणत नाही.

पण मला सांगायचंय ते विष्णू वस्ताद आणि त्यांच्या सागरबद्दल.

वस्ताद पेठेतल्या एका जुन्या तालमीचे. डोक्यावर कायम गुलाबी फेटा, मान ताठ, आवाज माझ्यापेक्षा मोठा. सागर त्यांचा लाडका पट्ठा, मुरगूडकडच्या एका खेड्यातला, तालमीतच राहणारा. एका सकाळी वस्ताद त्याला पुढं घालून लॅबमध्ये आले आणि काउंटरवर थाप मारून म्हणाले, "बाई, ह्याच्या अंगात किती प्रोटीन हाय ते काडून द्या."

"कुठल्या डॉक्टरांनी सांगितलंय?"

"डॉक्टर कशाला पायजे? मी सांगतोय की."

झालं होतं असं, की तालमीसमोर एक जिम निघाली होती आणि तिथं प्रोटीनचे मोठाले डबे काचेत मांडून ठेवले होते. तालमीतली पोरं त्या काचेकडं बघायला लागली. वस्तादांना ते झोंबलं. दूध, बदामाची थंडाई आणि अंडी, एवढ्या खुराकावर त्यांनी पैलवानांच्या कितीतरी पिढ्या घडवल्या होत्या. आता त्यांना छापील रिपोर्ट पाहिजे होता. तो जिमवाल्याच्या काचेवर चिकटवायचा, असा बेत होता.

"हे बगा गाल," त्यांनी सागरच्या गालावर बोट ठेवलं. "पोटऱ्या बगा. म्हैन्यात पोरगं कसलं भरलंय! नुसत्या दुधावर. वजनकाट्यावर उबा ऱ्हायला की काटा पळतोय."

तालमीत वजन वाढणं हा सणच असतो. आल्यागेल्याला पैलवानाचा दंड चाचपायला देतात, पाठीवर थापा पडतात. सागरच्या पाठीवर महिनाभर थापाच पडत होत्या. मी त्याच्याकडं बघितलं. डोळ्यांच्या पापण्या झोपेतून आत्ताच उठल्यासारख्या जड, आणि पायाला चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ. अंग भरलेल्या माणसाचे डोळे असे बारीक होत नाहीत, एवढं मला कळत होतं. पण तपासल्याशिवाय बोलायचं नाही हा आमच्या धंद्याचा नियम. रक्त घेतलं आणि दुपारी या म्हणून सांगितलं.

आता जरा आमच्या कामाबद्दल. रक्त गोठू द्यायचं, मग यंत्रात गरगरा फिरवायचं. तांबडं खाली बसतं आणि वर गवतासारखं पिवळसर पाणी राहतं. त्या पाण्यात प्रोटीन विरघळलेली असतात. (शाळेच्या पुस्तकात त्यांना प्रथिनं म्हणतात, पण त्या नावानं कुणी तपासायला येत नाही.) त्यात एक रसायन टाकलं की रंग चढतो. रंग जितका गडद, तितकं प्रोटीन जास्त. सागरचं पाणी दुधाळ दिसत होतं आणि रंग काही केल्या चढेना. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. अंगानं दुप्पट झालेल्या पैलवानाच्या रक्तात प्रोटीन होतं एखाद्या उपाशी माणसाएवढं.

दुपारी वस्तादांनी तो आकडा ऐकला आणि लॅब दणाणली. "मशीन गंडलंय तुमचं! रोजची अंडी, एवढं दूध, आन प्रोटीन कमी?"

मीही आवाज चढवला. "मशीन ऱ्हाऊ दे बाजूला. मी तुमच्यादेखत हातानं करून दावतो." (आमच्याकडं बाईमाणूसही 'करतो, येतो' म्हणतं. बाहेरगावच्या वाचकांनी दचकू नये.) सागरला विचारलं, "लघवीला फेस येतो का रे?"

तो लाजला. "लई येतो. पोरं म्हंत्यात दुधाचा हाय."

त्याच्या लघवीचा नमुना काचेच्या नळीत घेतला. हल्ली कागदाची पट्टी बुडवून काम होतं, पण माझ्या वेळची पद्धत वेगळी. नळी जवळजवळ भरायची, बुडाशी धरायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर फक्त वरचा भाग तापवायचा. खालचा भाग तसाच राहतो, त्यामुळं वर काय फरक पडला ते डोळ्यांना दिसतं. उकळी फुटली आणि नळीच्या तोंडाशी पांढरा ढग जमला. असा ढग दोन कारणांनी येतो. कधी साधे क्षार असतात, कधी प्रोटीन. म्हणून त्यात आम्लाचे दोन-चार थेंब सोडायचे. क्षार असले तर ढग विरतो. प्रोटीन असलं तर राहतो.

मी थेंब सोडले. ढग राहिला. उलट आणखी दाट झाला.

वस्ताद वाकून बघत होते. "हे तर अंड्यागत झालं की," ते हळूच म्हणाले.

"अंड्यागतच हाय. अंड्याच्या पांढऱ्यात जे असतं, त्याच्याच जातीचं. ते रक्तात पाहिजे, ते हिकडं वाहून चाललंय." मी सागरच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथं खड्डा पडला आणि तसाच राहिला, मळलेल्या कणकेत बोट रुतल्यासारखा. "वस्ताद, ही तब्येत न्हाई. सूज हाय. निस्तं पाणी."

ज्या पायांच्या पोटऱ्या त्यांनी महिनाभर गावाला दाखवल्या होत्या, त्याच पायावरच्या खड्ड्याकडं ते बघत राहिले. मग सागरच्या पाठीवर हात ठेवून बाहेर पडले.

त्याच संध्याकाळी मूत्रपिंडाच्या डॉक्टरबाईंकडं सागर गेला. त्यांनी मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. निदान त्यातल्या त्यात बरं निघालं. मूत्रपिंडाच्या गाळणीची भोकं सैल झाली होती, पण गाळणी फाटली नव्हती. गोळ्या नेटानं घेतल्या तर बहुतेकांना गुण येतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मीठ कमी, खाणं इतरांसारखं बेताचं, आणि त्या सांगतील तोवर व्यायाम आणि कुस्ती बंद. दुर्लक्ष केलं तर मूत्रपिंड कायमचं जाऊ शकतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

पुढच्या तपासणीला सागर आला तो भिंतीला धरून. चेहरा भोपळ्यासारखा, नळीतला ढग पहिल्यापेक्षा घट्ट. डॉक्टरबाईंचा मला फोन, "हा तालमीत काय करतोय, जरा विचारून बघा. तुमच्याशी बोलतो तो."

मी विचारलं. सागर मान खाली घालून म्हणाला, "वस्तादांनी खुराक वाडीवलाय. अंडी दुप्पट. आन रोज मटणाचा खारा रस्सा. पाटंच्याला थोडे जोर बी मारायला लावत्यात, जिरायला पायजे म्हून."

मी वस्तादांना बोलावून घेतलं. बसा म्हणायच्या आधीच तोंड सोडलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, टाकी गळाय लागली तर मानूस काय करतो? वरनं जास्त पाणी सोडतो. तुमीच म्हनला प्रोटीन कमी हाय. मग मी ओतलं. मला दुसरं काय येतंय?"

त्यांचे डोळे भरले होते. माझा राग तिथंच विझला. हा माणूस पोराला मारत नव्हता, त्याला येत होती ती एकच माया करत होता. अंडं हे बळ आणि बळ म्हणजे मांस, एवढाच त्यांचा हिशेब. त्यांना नुसती तंबी देऊन भागणार नव्हतं. प्रोटीन म्हणजे काय, हे त्यांच्या गळी उतरवल्याशिवाय तो खुराक थांबला नसता.

"वस्ताद, तुमचा फेटा जरा सोडता?" मी म्हणाले.

ते ताडकन उभे राहिले. "डोईचा फेटा? चारचौघांत? बाई, आजवर आखाड्यात बी कुनापुढं उतरला न्हाई."

चूक माझीच होती. विषय सोडून दिला आणि पट्टी बांधायच्या कापडाची गुंडाळी घेतली. ती टेबलावर लांबच लांब सोडली. "समजा, हे तुमच्या फेट्याचं कापड. खुंटीला टांगलं तर ह्याला कोण फेटा म्हणेल का?"

"न्हाई. चिंधी म्हंतील."

"पीळ घालून, घडी बसवून बांदलं की फेटा. कापड तेच. प्रोटीन तसंच असतं. बारीक मण्यांची लांब साखळी. ती ठरल्या जागी वळती, दुमडती, आन त्या घडीवर तिचं काम ठरतं. अंडं उकडलं की फेटा सुटतो, आन सगळी सुटलेली कापडं एकमेकांत गुतत्यात. म्हणून पांढरं घट्ट हुतं. नळीतला ढग त्योच."

त्यांनी पट्टीला एक पीळ देऊन बघितला. मी पुढं सरकले. "आता तुमच्या तालमीत सगळेच काय कुस्ती धरत्यात का?"

"न्हाई वो. कोन कुस्तीच्या हौद्यातली माती उकरतोय, कोन पानी भरतोय, कोन दारावर हाय."

"अंगात बी तसंच. दंडात आखडून सैल होणारं प्रोटीन, तो तुमचा पैलवान. रक्तात तांबड्या पेशीत प्राणवायू वाहून नेणारं, तो हमाल. केस, नखं, कातडी, ही भिंतीची आन दाराची माणसं. रोग आला की त्याला वळखून धरणारी, ती दारावरची. अन्नाचे तुकडे करणारी, ती स्वैपाकघरातली. आन सागरचं जे गळतंय ते रक्तात पाणी धरून ठेवणारं. ते गेलं की पाणी शिरेत थांबत न्हाई, अंगात पसरतं. तुम्ही सगळ्यांना पैलवान समजलाय."

त्यांनी पट्टीची गुंडाळी परत घट्ट वळली. मग म्हणाले, "म्हंजी पानी धरनारा गडी मागल्या दारानं पळून चाललाय, आन मी पुडल्या दारानं नवी भरती करत बसलोय. गर्दीनं दारच मोडायचं."

इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं. "व्हय," मी म्हणाले. "आधी दार दुरुस्त व्हायला पाहिजे. ते गोळ्या करतील."

त्या दिवसापासून तालमीतला रस्सा बिनमिठाचा झाला. सगळ्या तालमीचा. सागरला एकट्याला वेगळं ताट नको, म्हणून वस्तादांनी सगळ्यांनाच अळणी खायला लावलं. पोरांनी किती शिव्या दिल्या असतील ते तालमीच्या भिंतींनाच ठाऊक.

गोळ्यांना गुण यायला वेळ लागला. वस्ताद प्रत्येक तपासणीला सागरबरोबर यायचे. लॅबमधली नवी मुलगी कागदाची पट्टी बुडवून रिपोर्ट द्यायची, पण त्यांचा पट्टीवर विश्वास नव्हता. "दिवा लावा," म्हणायचे. मग मी कौतुकानं दिवा पेटवायची, आणि ढग मागच्यापेक्षा पातळ आहे की नाही यावर आम्ही दोघं नळी खिडकीकडं धरून वाद घालायचो. सूज उतरली तसं सागरचं वजन खाली खाली गेलं. गालफाडं दिसायला लागली, दंड बारीक झाले. जन्मभर वजन वाढल्यावर पेढे वाटणारे वस्ताद आता काटा खाली आला की खूश व्हायचे. तालमीतली पोरं मात्र सागरला 'काडी' म्हणायला लागली होती.

एकदा वस्ताद बाहेर चपला घालत होते तेवढ्यात सागरनं मला विचारलं, "बाई, खरं सांगा. मी परत हौद्यात उतरनार का न्हाई? न्हाईतर आत्ताच गावाकडं जातो, म्हसरं बगतो. वस्तादांस्नी आशेवर ठेवायला जीव तुटतोय माजा."

या आजारातल्या सगळ्यांच्याच नळ्या निवळतात असं नाही. काहींची गाळणी बरी होत नाही, काही उशिरा येतात, आणि त्यांचे चेहरे मला आजही आठवतात. "माझ्या हातात नळी हाय, निकाल न्हाई," एवढंच म्हणाले. "पण ढग पातळ व्हायला लागलाय, ते मी बघतोय."

हळूहळू ढग धुक्याएवढा झाला, मग नुसती छटा राहिली. एक दिवस नळी स्वच्छ दिसली. डॉक्टरबाईंनी गोळ्या उतरवत आणल्या आणि शेवटी थांबवल्या. मग म्हणाल्या, "गोळ्यांशिवाय काही आठवडे जाऊ देत. तेव्हाही स्वच्छ असेल, तर हौद्यात उतरायला माझी हरकत नाही."

त्या तपासणीच्या सकाळी वस्ताद आणि सागर लॅब उघडायच्या आधीच दारात होते. मी दिवा लावला. नळी बुडाशी धरली. वरचा भाग तापला, बारीक बुडबुडे आले, उकळी फुटली.

आणि ढग आला.

पांढरा, स्पष्ट. वस्तादांनी तो बघितला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. सागरनं माझ्याकडं बघितलं. आम्लाची बाटली उचलली, टोपण काढलं, एक थेंब सोडला. दुसरा.

ढग हलला. कडेनं विरघळायला लागला. तिसऱ्या थेंबाला नळी पाण्यासारखी निवळ झाली.

"वस्ताद," मी ओरडलेच, "हिकडं बगा! क्षार हायत निस्ते! प्रोटीन न्हाई, एक कण न्हाई!"

ते वळले. नळी माझ्या हातातून घेतली, खिडकीपाशी नेली, उलटसुलट करून बघितली. मग माझ्यावरच डाफरले, "मग एवडं भ्या कशाला दावायचं, आं? म्हाताऱ्याचा जीव घेतासा काय?" आणि भर लॅबमध्ये सागरला मिठी मारून रडले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी निवृत्त झाले. सागरची पहिली कुस्ती मुरगूडजवळच्या एका गावच्या यात्रेत होती. वस्तादांचा निरोप आला, "बाई, यायलाच पायजे." कुस्त्यांच्या मैदानात बायका फार नसतात, पण मला पुढच्या रांगेत खुर्ची टाकली होती. शेजारी तालमीतली नवी पोरं ओळीनं बसली होती, आणि वस्ताद येता-जाता एकेकाच्या नडगीवर अंगठा दाबून बघत होते. पूर्वी ते दंड चाचपायचे. मी हसले तसे म्हणाले, "हसू नगा. आता ह्योच माजा वजनकाटा."

हलगी कडाडली. सागर तांबड्या मातीत उतरला, वाळलेला पण चपळ. समोरचा गडी त्याच्यापेक्षा भारी होता. सागरनं दोनदा त्याची पकड सोडवली, एकदा तर त्याला खाली आणला, आणि मैदान उठून उभं राहिलं. पण शेवटी दम कमी पडला. समोरच्यानं ढाक हा डाव लावला आणि सागरची पाठ मातीला लागली.

पंचांनी जिंकणाऱ्याला फेटा बांधला. सागर मातीनं माखलेला, मान खाली घालून आमच्या बाजूला आला. वस्तादांनी त्याला बसवलं, गुडघ्यावर वाकले आणि त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. उचलला. जागा तिथल्या तिथं भरून आली. पुन्हा दुसऱ्या पायाला तसंच केलं.

मग ते उभे राहिले आणि भर मैदानात त्यांनी स्वतःचा फेटा सोडायला घेतला. हलगीवाला वाजवायचा थांबला. ते लांबच लांब गुलाबी कापड त्यांनी एकदा झटकलं, आणि सागरच्या डोक्याला पीळ देत देत बांधलं. हरलेल्याला फेटा बांधत नाहीत. वस्तादांचं उघडं डोकं त्या दिवशी लोकांनी पहिल्यांदा बघितलं, विरळ पांढरे केस, कपाळावर फेट्याचा जुना वळ.

बांधून झाल्यावर ते माझ्याकडं वळले. "बगा की बाई, घडी बरूबर बसलीया न्हवं?"

मी उठून फेट्याचं टोक ओढून बघितलं. "बसलीया की, वस्ताद!" मी ओरडले, आणि ते सगळ्या मैदानानं ऐकलं.